खाली राहिलेली चिलटं

४ फेब्रुवारी

ही वही नातीने दिली. तिच्या प्रयोगशाळेतली आहे. पानांवर आकडे छापलेत, म्हणजे एक जरी फाडलं तरी कळतं. नियमही सांगितले. वर तारीख घालायची. पेनानेच लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, गिरवायचं नाही; चुकलेल्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचं. मी म्हटलं, "चूक सगळ्यांना दिसली तर लाज नाही का वाटणार?" ती म्हणाली, "आजी, चूक झाकली की पुढचं सगळं चुकत जातं."

वही खरी चिलटांच्या आकड्यांसाठी होती. त्याला मोठे रकाने लागतात म्हणून दुसरी मिळाली, मग ही माझ्याकडे राहिली. चौथीपर्यंत शिकले. मला माझं अक्षर कळतं, तेवढं बस. वाचणार कोण आहे?

पहिल्या पानावर स्वतःची माहिती लिहायची असते म्हणे. लिहिते.

नाव: ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ठाऊक आहे.
वय: शहात्तर.
काम: एकेचाळीस वर्षं बटणं निवडली. आता चिलटं मोजते.
मुलं: एक.

७ फेब्रुवारी

नातीला घरात बारकी म्हणतात, जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून. आता सत्तावीसची आहे आणि हाताखाली हजारो चिलटं आहेत. लोकांच्या नाती डॉक्टर होतात, माझी चिलटांची सासू झाली.

फळं पिकली की घोंगावतात ती चिलटं. फळबाजाराच्या मागे सडक्या फळांचा ढीग असतो, तिथून ती स्वतः जाळीने धरून आणते. पाळलेली चालत नाहीत, ती लाडावलेली असतात. बाहेर आपल्या हिमतीवर जगलेलीच पाहिजेत. प्रत्येकाचं एक घराणं करून वेगळ्या बाटलीत ठेवलंय, आणि मग या घराण्यातलं त्या घराण्यात द्यायचं. म्हणजे स्थळं जुळवायची. ते काम मी जन्मभर केलं, हिला त्याची पदवी मिळणार आहे.

मोजणाऱ्याला कुठली बाटली कुणाची हे ठाऊक असून चालत नाही. ठाऊक असलं की मनात आहे तेच डोळ्यांना दिसतं, असं तिच्या मोठ्या बाई म्हणतात. प्रयोगशाळा त्यांची. बारकी म्हणाली, "ज्याला यातलं काही माहीत नाही पण नजर तेज आहे, असं माणूस हवंय." मी म्हटलं, "अडाणी पण डोळस. सरळ आजी म्हण की."

काम असं. बाटलीच्या तळाशी पिठाची खळ असते, त्यात ती जन्मतात. बाटली टेबलावर दोनदा आपटायची, कापसाचा बोळा काढून वर दुसरी रिकामी बाटली उपडी धरायची. चिलटं उजेडाकडे चढतात. चढली की ती बाटली बंद. मग गॅस देऊन झोपवायची, पांढऱ्या बशीत ओतायची आणि भिंगाखाली मऊ ब्रशाने वेगळी करायची. कुरळ्या पंखाची डावीकडे, सरळ पंखाची उजवीकडे. पाच-पाचच्या टोळ्या करते, हात आपोआप चालतो.

बटणांच्या कारखान्यातही असंच होतं. चाळणी हलवायची, अख्खी वर राहतात, फुटकी खाली पडतात. खाली गेलेलं मोजायचं नाही. मुकादमीण पहिल्याच दिवशी हे शिकवायची, हातावर पट्टी मारून.

प्रयोगशाळेच्या दारातली पायरी कुणीतरी उगीच उंच बांधलीय. दोनदा ठेच लागली.

१२ फेब्रुवारी

बारकीला दिवस गेलेत. दहा आठवडे झालेत.

सकाळी बेसिनशी ओकत होती. मी कपाळ धरलं. तिचा नवरा, आमचे जावईबापू, टॉवेल घेऊन खांबासारखे उभे. मी म्हटलं, "अहो, टॉवेल द्यायचा असतो, दाखवायचा नसतो." तेव्हा दोघं हसले आणि मला सांगितलं.

मी म्हटलं, छान झालं. आणखी काय म्हणणार?

जावईबापू माझ्या सख्ख्या भावाचा नातू. मला आत्याआजी म्हणतात. हे स्थळ मीच आणलं. घर पाहण्यातलं, मुलगा पाहण्यातला, आवाज चढवत नाही, खाल्लेलं ताट स्वतः उचलतो. सगळं खरं आहे. लग्नाआधी बारकीने मला हसत हसत विचारलं होतं, "आजी, लांबचं का होईना, नातं आहे. घराण्यात काही आजारबिजार?" मी म्हटलं, "लांब जिभेखेरीज काही नाही." सगळे हसले. मीही हसले.

मला भीती वाटते. लिहून टाकलं.

१३ फेब्रुवारी

कपबशी फुटली. हातातून गेली. भीतीने हात कापतात, नवीन काय त्यात.

१९ फेब्रुवारी

आज बारकीला विचारलं, "ही चिलटं मोजून तुला मिळतं काय?"

तिने स्टूल ओढलं. ती समजावून सांगायला लागली की मला तिच्या आईची आठवण येते, तोच हातवारा. म्हणाली, "प्रत्येक जिवाकडे प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात, आजी. एक आईकडची, एक बापाकडची. एखादीत बिघाड असतो. दुसरी चांगली असली की ती सांभाळून घेते, म्हणून बिघाड दडून राहतो. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला पत्ता लागत नाही. आणि दोन्ही वाईट आल्या की मग हे बघ."

तिने एक बाटली दाखवली. एकाच घराण्यातलं त्याच घराण्यात दिलेलं. कुरळी चिलटं भरपूर. ती फक्त खुणेसाठी मिसळलेली असतात. बाजारातल्या घराण्याची खरी लेकरं सरळ पंखाची. सगळं ठीक असेल तर दोन कुरळ्यांमागे एक सरळ यायला हवं. त्या बाटलीत एकही सरळ नव्हतं.

"सगळी गेली?"

"जन्मायच्या आतच. पण हे जुनंच आहे, सगळ्यांना माहीत आहे. मी वेगळं शोधतेय. वाईट प्रत एकच असेल तर चांगली प्रत पुरतं सांभाळते का? की थोडं नुकसान होतंच, फक्त आपल्याला दिसत नाही? वाईट प्रत चांगलीवर किती वरचढ ठरते, ते मोजायचंय."

मी म्हटलं, "नवरा चांगला आणि सासू वाईट असली तर बाई जगते. पण वाळते."

ती इतकी हसली की चष्मा काढून पुसला. "तेच, आजी. किती वाळते तेच मोजतेय."

मी बाटलीकडेच बघत होते. त्यात नुसती कुरळी होती.

२५ फेब्रुवारी

दवाखान्यात तिच्याबरोबर गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण तिने हात धरला.

नर्स पोरसवदा होती, पेन चावत होती. घरातल्या माणसांची यादी करत गेली. आई, वडील, आजी. "आजींना मुलं किती?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं.

"एक," मी म्हटलं. "हिची आई."

"एखादं गेलेलं वगैरे?"

"नाही."

पेन पुढच्या ओळीवर गेलं. एवढ्याशा शब्दाला वेळ तो किती लागणार?

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "नात्यात लग्न आहे म्हणून विचारतेय. घराण्यातला ठरावीक आजार ठाऊक असला तर नेमका तोच शोधता येतो. ठाऊक नसला तर कुठं कुठं बघणार? काही आठवलं तर सोळाव्या आठवड्याच्या आत या, म्हणजे हातात वेळ राहतो."

बारकी म्हणाली, "आमच्याकडे सगळे नव्वदीपर्यंत भांडत जगतात." आणि माझ्या खांद्यावर हात टाकला.

बारावा आठवडा चालू आहे.

२६ फेब्रुवारी

पान फाडता येत नाही हे ठाऊक असून लिहिते.

थोरला होता. माझ्या अठराव्या वर्षी झाला. सहा वर्षांपर्यंत घोड्यासारखा पळायचा. मग पडायला लागला. सपाट फरशीवर पडायचा. मी म्हणायची, "डोळे कुठं असतात तुझे?" तो म्हणायचा, "मी नाही पडलो, जमीन वर आली." त्याच्या डाव्या बुटाचा चवडा झिजायचा, उजवा कोराच्या कोरा. मी मोच्याशी भांडले, की एका पायाचं चामडं हलकं लावतोस. दूध सांडायचा. पेन्सिल धरता येईना. अक्षर रेघेवरून घसरायचं आणि मी मारायची.

मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा सात वर्षांचा होता. डॉक्टरने विचारलं, "तुम्ही नवरा-बायको एकमेकांचे कोण?" मी म्हटलं, "मामेभाऊ लागतात." त्याने कागदावर दोन गोल काढले आणि दोन्ही अर्धे अर्धे काळे केले. "दोन्हीकडून आलंय. पुढच्या मुलाला चारात एक धोका. आणि पुढे कुणी नात्यात देऊ नका." खाली आजाराचं नाव लिहून दिलं. तेव्हा बारकीची आई पोटात पाच महिन्यांची होती. ते पुढचे चार महिने मी कसे काढले ते मला लिहिता येत नाही. आणि लिहायचंही नाही.

मुलगी ठणठणीत निघाली. थोरला नऊ पुरी व्हायच्या आत गेला. मुलगी तेव्हा दीड वर्षाची, तिला काय आठवणार? आम्ही घर बदललं. नव्या शेजारणीने विचारलं, "मुलं किती?" मी म्हटलं, एक. पहिल्यांदा जीभ अडली. मग सवय झाली. उद्या मुलीचं लग्न करायचं, तर असल्या घरातली मुलगी करणार कोण? नवऱ्यालाही बजावलं. तो तसाही कमी बोलायचा, पुढे त्याने तेही सोडलं. भावाला ठाऊक होतं. नवरा आणि भाऊ, दोघंही आता नाहीत.

मग हळूहळू मी ठरवून टाकलं की त्या डॉक्टरला काही कळत नव्हतं. ते सोयीचं होतं. इतकं सोयीचं की नातीचं लग्न नात्यात जुळवताना मला तो कागद आठवलाही नाही. नाही, हे खोटं आहे. आठवला. पण दोन पिढ्या झाल्या, आता काय उरलं असेल, असं म्हटलं आणि डब्याचं झाकण लावलं.

कागद बटणांच्या डब्यात आहे. तळाशी.

४ मार्च

प्रयोगशाळेत चिलटांची खळ शिजवणारा एक माणूस आहे. मी त्याला आचारीबुवा म्हणते. बाटल्याही तोच धुतो. आज म्हणाला, "मावशी, तुमच्या बाटल्यांत खाली जिवंत चिलटं राहतात. गरम पाणी ओतायचं माझ्या जिवावर येतं."

"चढत नाहीत ती. मी काय कडेवर घेऊन मोजू?"

"नाही हो, म्हटलं आपलं. बाकीच्यांच्या बाटल्या रिकाम्या येतात."

"बाकीचे बाटली झटकून झटकून घाण पण मोजत असतील. मला निवडक मोजायची सवय आहे."

तो जाता जाता म्हणतो, "डावा पाय ओढताय तुम्ही. लागलंय का?"

"चपलेचा अंगठा ढिला आहे. तुम्ही खळ ढवळा, नाहीतर करपेल."

८ मार्च

रोज सकाळी ठरवते की आज सांगायचं. ती चहा घेऊन समोर बसते, पोटावर हात ठेवते, आणि मी विचारते, बिस्किट देऊ का?

सांगितलं तर काय होईल? ती शोधेल. सापडलं तर? तिला निर्णय घ्यावा लागेल, आणि तो माझ्या नावावर जाईल. नाही सांगितलं तर कदाचित काहीच होणार नाही. चारात तीन वेळा काहीच होत नाही. माझंही चारात तीनच होतं.

१५ मार्च

बारकी संध्याकाळी आकडे घेऊन बसली होती. अचानक पेन खाली ठेवलं. मग जावईबापूंना म्हणाली, "इकडे ये, मी चुकत तर नाहीये ना?"

वेगळ्या घराण्यांतून दिलेल्या बाटल्यांचे आकडे होते. म्हणजे वाईट प्रत असली तर एकच असणार. दोनशे कुरळ्यांमागे शंभर सरळ यायला हवीत. येतायत अठ्ठ्याऐंशी. बाटलीमागून बाटली तेच.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे एकाच वाईट प्रतीनेसुद्धा शंभरातली बारा जातात. हे फार आहे, आजी. इतकं कुणी पाहिलेलं नाही." तिचे डोळे चमकत होते, आवाज मात्र बारीक झाला होता. "खरं असलं तर दडलेलं असं काही नसतंच. सगळं थोडं थोडं वसूल होतं."

जावईबापू म्हणाले, "चिलटांचं आहे हे. माणसांना लागू नाही."

"ते मला नको शिकवूस," ती म्हणाली. पण हात पोटावर गेला. मी पाहिलं.

आता गोष्ट नुसती चारात एकाची राहिली नाही. एक प्रत आली तरी वसुली आहे. मी उठले आणि दाराच्या चौकटीवर आपटले. घर भाड्याचं आहे, चौकटी अरुंद.

१८ मार्च

मोठ्या बाई आल्या. उंच, केस पांढरे, बोलणं कमी. आकडे वाचले आणि म्हणाल्या, "आकडा फार सुंदर आहे. सुंदर आकड्याची मला भीती वाटते. मोजताना बघायचंय."

मी बाटली आपटली, वर दुसरी धरली, चढली तेवढी घेतली, बोळा लावला, जुनी बाटली बाजूला ठेवली.

"आजी, ती बाटली रिकामी झाली?"

"झाली. खाली राहिलीत ती मरतुकडी आहेत."

"म्हणजे जिवंत आहेत?"

आचारीबुवा दारात ट्रे घेऊन उभा होता, तो जमिनीकडे बघायला लागला. मी म्हटलं, "खाली राहिलेलं मोजायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"मुकादमिणीने."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बारकी पांढरी पडली होती. सहा आठवड्यांचं काम. मी विचार करत होते की आता ही ओरडेल. तिने न धुतलेल्या सगळ्या बाटल्या मागवल्या. बारा होत्या. दोघी भिंग घेऊन बसल्या आणि तळाची चिलटं एकेक करून चिमट्याने उचलून मोजली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. शाळेतही मला असंच बसवायचे.

सत्तेचाळीस सरळ पंखाची. नऊ कुरळी.

मोठ्या बाईंनी कागदावर बोट टेकलं. "मेलेली नाहीत. जन्मलीत, जगलीत. फक्त चढू शकत नाहीत."

"आपण नुसतं जगलं की मेलं एवढंच मोजणार होतो," बारकी म्हणाली. "सगळं झटकून मोजलं असतं तर शंभरला शंभर भरली असती. मी लिहिलं असतं, एका प्रतीने काही बिघडत नाही." आणि माझ्याकडे वळली. "आजी, तू टाकून देत होतीस ना, तीच मी शोधत होते."

तिने वही घेतली, माझ्या आकड्यांवर एकेक रेघ मारली, आणि शेजारी तिसरा रकाना आखला. मी विचारलं, "मला काढणार का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "काढायचं कशाला? तुम्हाला मरतुकडं कुठलं ते ओळखता येतं. फक्त आता टाकायचं नाही, मोजायचं."

घरी येताना बारकी म्हणाली, "घाबरलीस?"

"हो."

"नोकरी जाईल म्हणून?"

मी म्हटलं, "रस्त्याकडे बघ."

१९ मार्च

सांगितलं.

सकाळी नाही जमलं. दुपारी ती आणि जावईबापू जेवून बसले होते. मी बटणांचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. बटणं घरंगळत खाली गेली. तळाला कागद चिकटला होता, तो नखाने सोडवला.

"मी दोन मोजायची ती एक मोजली," मी म्हटलं. "जन्मभर."

मग सगळं सांगितलं. बूट, दूध, जमीन वर आली, दोन गोल. जावईबापूंनी तोंडावर हात धरला होता. बारकी कागद वाचत होती. मला ते नाव कधी वाचता आलं नाही, तिने एका नजरेत वाचलं.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मी तुला विचारलं होतं. लग्नाआधी. आणि दवाखान्यात त्या नर्सनेही."

"हो."

"मी रोज हेच काम करते, आजी. रोज. आणि तू माझ्या शेजारी बसून..." ती उठून आत गेली. जावईबापू खाली वाकून बटणं गोळा करायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या." ते म्हणाले, "आत्याआजी, तुम्ही पाय उचला जरा." एक बटण माझ्या टाचेखाली होतं. मला कळलंही नव्हतं.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. डोळे सुजलेले, आवाज कोरडा. "त्याचं नाव काय होतं?"

सांगितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं. इथे लिहीत नाही. तिला ठाऊक झालं, तेवढं पुरे.

"पंधरावा आठवडा आहे," ती म्हणाली. "वेळ आहे. चल, तुझं पण रक्त लागेल."

२१ मार्च

तिघांचं रक्त घेतलं. नर्स तीच. उत्तराला तीन आठवडे. माझ्याशी बारकी कामापुरतं बोलते. "भिंग दे." "तिसऱ्या रकान्यात किती?" तिचं बरोबर आहे.

तिच्या आईचा फोन आला. बारकीने तिला कळवलं होतं. ती म्हणाली, "मला भाऊ होता?" आणि पुढे फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी मीच फोन ठेवला.

३० मार्च

या नऊ दिवसांत लिहिलं नाही. रोज तेच आहे. बाटली आपटायची आणि खाली राहिलेल्यांकडे बघायचं. ती प्रयत्न करतात. दोन बोटं चढतात आणि पडतात. आधी हे मी कधी पाहिलंच नव्हतं, बोळा लावून मोकळी व्हायची. आचारीबुवा म्हणाला, "आता बाटल्या रिकाम्या येतात, मावशी. बरं वाटतं."

मला बरं वाटत नाही. फोन वाजला की हातातली बाटली तशीच खाली ठेवते.

६ एप्रिल

बारकीने मला नवे बूट आणले. पट्ट्याचे, खाली जाड रबर. मी म्हटलं, "माझ्या चपला काय वाईट आहेत?" तिने जुन्या चपला उचलल्या, उलट्या करून शेजारी शेजारी ठेवल्या आणि बघत बसली. कितीतरी वेळ.

"काय बघतेस? डाव्या चपलेत माल हलका घातलाय. हल्लीचे मोची सगळे चोर."

"कधीपासून झिजतेय ही अशी?"

"मी तारीख घालून चालत नाही."

ती हसली नाही. पण बूट मात्र स्वतः खाली बसून घातले माझ्या पायात. इतक्या दिवसांनी हात लावला.

१० एप्रिल

उत्तर आलं.

डॉक्टरीणबाईंनी दार लावलं. बारकीने एका हाताने नवऱ्याला धरलं होतं. दुसरा हात मोकळा होता. मी तो धरला, तिने सोडवून घेतला नाही.

बारकीकडे ती वाईट प्रत एक आहे. माझ्याकडे एक. जावईबापूंकडे नाही. एकही नाही. म्हणजे बाळाला दोन येऊच शकत नाहीत.

जावईबापू तिथेच रडले. रुमाल नव्हता, मी पदर दिला. म्हटलं, "पुसा, बाप होणार आहात."

"एक आली तर?" बारकीने विचारलं.

"पुस्तकात तरी एका प्रतीने काही होत नाही असंच लिहिलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पुस्तकातल्या लोकांना कुणी चालायला लावलं होतं का?" बारकी म्हणाली. अगदी माझ्यासारखी बोलली. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

बाहेर आलो. लांबलचक व्हरांडा होता, चौकोनी फरशा. बारकी म्हणाली, "आजी, त्या टोकापर्यंत जाऊन ये. फरशीच्या रेघेवरून." मी म्हटलं, "मी काय चिलट आहे?" पण गेले. इतकं हलकं वाटत होतं की नाचत गेले असते. एकदा कडेला टेकावं लागलं, फरशी ओली असावी. परत आले तर ही रडतेय.

"आता काय झालं? वाचलीस ना?"

"हो, आजी."

"बाळ वाचलं ना?"

"हो."

"मग?"

"काही नाही. पुन्हा एकदा जाऊन ये."

दिवस गेलेल्या बाईचं रडू, त्याला कारण लागत नाही. मी पुन्हा गेले. ती मोबाइल धरून माझे पाय टिपत होती.

१२ एप्रिल

बारकीच्या हट्टाने आज मला नसांच्या डॉक्टरकडे नेलं. ठणठणीत माणसाला दवाखान्यात फिरवायची हल्लीची फॅशन आहे. आधी फॉर्म. तो भरून घेणारा मुलगाच होता, कानाला गाण्याचं यंत्र लावून.

"मुलं किती?"

बारकीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती मुद्दाम खिडकीकडे बघत होती.

"दोन," मी म्हटलं. "थोरला आठ वर्षांचा होऊन गेला. चालताना पडायचा. तेही लिही."

त्याने लिहिलं. एवढ्याला पन्नास वर्षं लागली.

घरी येऊन ही वही काढली आणि पहिलं पान उघडलं. मुलं: एक. त्यावर नियमाप्रमाणे एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं, दोन.

रेघ मधेच खाली उतरली. ही वहीच मेली वाकडी आहे.